बाक काही सोडेना

क्विरीनने परसातल्या बाकावर मोठ्या मगातली अर्धी बिअर ओतली आणि वडिलांची कातडी चड्डी घालून तो त्या थारोळ्यात बसला. बिअर साधीसुधी नव्हती. ईस्टरआधीच्या उपासांत चालते ती दाट, गोडसर डॉपेलबॉक होती आणि त्याने ती स्वतः घरी बनवली होती. वाळेपर्यंत बसायचं, मग उठायचं. चड्डीबरोबर बाक उचलला गेला तर बिअर जमली. बव्हेरियातल्या त्या गावात ही जुनी कसोटी सगळ्यांना तोंडपाठ होती, पण करून पाहण्याएवढा खुळा क्विरीनच निघाला.

त्याचाही इलाज नव्हता. आज वाल्बुर्गा चाखायला येणार होती. तिचा नवरा गावाला स्वतः बनवलेली बिअर पुरवायचा. तो गेल्यापासून ती कुणाच्याही हातच्या बिअरला नाक मुरडायची. "असा हात पुन्हा भेटला, तर लग्नाचं बघू," असं ती एकदा थट्टेने म्हणाली होती. बाकीचे हसले आणि विसरले. क्विरीनने दुसऱ्याच दिवशी मोड आणून भाजलेले जव विकत आणले.

ऊन कोवळं होतं. मगमधल्या उरलेल्या बिअरचा घोट घेतला की करपवलेल्या साखरेचा आणि मनुकांचा वास नाकात रेंगाळायचा, आणि डोळे आपोआप मिटायचे. मिटल्या डोळ्यांपुढे वाल्बुर्गा त्याच्या स्वयंपाकघरात गुणगुणत फिरत होती, त्याचे मळके पडदे काढत होती. तिने खिडकीतून हाक मारली, "क्विरीन!"

हाक खरीच होती. नवा निळा झगा घालून ती फाटकात उभी होती. बाई आली की पुरुषाने उठून उभं राहायचं, ही तिथली रीत. क्विरीन उठायला गेला, पण चड्डी उठेना.

"बसूनच स्वागत वाटतं?" वाल्बुर्गाचा आवाज चढला. "प्यालात किती?"

"दोनच घोट. बाकीची बाकाने प्याली."

कुंपणापलीकडून शेजारचा विटस धावला. "अरे, चिकटलास काय? थांब, ओढतो!" त्याने काखेत हात घालून ओढलं, तसा क्विरीन बाकासकट वर आला आणि बाकासकट धाडकन खाली बसला.

"उठला! बाक उठला! जमली बिअर!" क्विरीन आनंदाने ओरडला.

"आधी चड्डीतून बाहेर ये, गाढवा!" विटस खेकसला.

"बाईमाणसासमोर?"

वाल्बुर्गाने मग उचलला आणि एक घोट बराच वेळ तोंडात घोळवला. "जमली कसली! तळघर गार पडलं असणार. यीस्ट अर्ध्यातच झोपलं, साखर तशीच राहिली. ही बिअर नाही, पाक आहे. आमच्या ह्यांच्या बिअरला कधी माशीसुद्धा चिकटली नाही."

क्विरीनचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे... नाहीच का?" बिअरबद्दलच विचारतोय असा आव त्याने आणला, पण आवाजाने दगा दिला.

वाल्बुर्गा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्यासाठी एवढं खुळं कुणी कधी झालं नव्हतं. तिचं मन भरून आलं.

"विटसभाऊ, चड्डी सोडवायला गरम पाणी लागेल."

"आत्ता तापवून आणतो!"

"घाई नको. सावकाश तापवा."

विटस गेला. तिने उरलेली बिअर बाकावर ओतली आणि क्विरीनच्या शेजारी टेकली.

"अहो, नवा झगा!"

"गप्प बसा. वाळू दे."