माडवळच्या समुद्राची मुदतवाढ

माडवळचा समुद्र कित्येक वर्षं गावाच्या शिवेवर ताटकळत उभा होता, कारण बंधाऱ्यासाठी हवामान निधीतून पैसे मंजूर व्हायचे होते आणि तोपर्यंत आत येऊ नये, असं ग्रामपंचायतीने त्याला कळवलं होतं. त्याने ते मानलं. एवढा समजूतदारपणा हल्ली माणसांतही सापडत नाही.

पण थांबायलाही काही मर्यादा असते. यंदा मे संपत आला तसा समुद्र रोज सकाळी विचारू लागला, "काय झाला?"

सरपंच शेवंती कुबल हिच्या जिवाला घोर लागला. शिवेपासून पहिलं घर तिचं. नवऱ्यामागे तिने एकेक चिरा जमवून ते उभं केलं होतं. दार उघडलं की समोर हा उभा. हातातलं काम टाकून ती दहादा दाराशी यायची, तो होता तिथेच आहे ना बघायची, आणि सांगायची, "होतला, होतला. साहेब येतत."

अखेर निधीचे मूल्यमापक गुप्ते आले. त्यांनी चहा घेतला, समुद्राकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "यात धोका कुठे आहे? हा तर नुसता उभा आहे."

"आम्ही सांगितलं म्हणून उभा आहे," ग्रामसेवक चिंदरकर म्हणाले.

"तेच तर. निधी धोक्यातल्या गावांसाठी आहे. सांगितल्यावर थांबणारा समुद्र धोक्यात बसत नाही. मी उद्या निघायच्या आत धोका दिसला, तर बघू."

लगेच ग्रामसभा बसली. समुद्राला थोडं पुढे बोलवायचं, हे एकमताने ठरलं. कोणाच्या अंगणात, हा विषय निघाला तेव्हा मात्र जो तो आपल्या चपलांकडे बघू लागला. सरपंचाची खुर्ची अशा वेळीच बोचते.

"माझ्या अंगणात येवंदे," शेवंती म्हणाली.

गुप्त्यांनी नियम समजावून सांगितला. अंगणातलं पाणी म्हणजे धोका. उंबरा ओलांडला की ते नुकसान. दोन्हींची गल्लत होऊन चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र अंगणात आला. वाळत घातलेल्या सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, त्याने वळसा घातला. गुप्ते फोटो काढू लागले, चिंदरकरांनी पट्टी धरली, सगळं रीतसर चाललं होतं. समुद्र पायरीपाशी येऊन अवघडून उभा राहिला. दारात आलेल्या प्रत्येकाला शेवंती आयुष्यभर जे म्हणत आली, तेच तिच्या तोंडून निघून गेलं.

"भायर कित्याक उभे? भितर येवा."

एवढ्या आग्रहाने बोलावल्यावर बाहेर थांबणं समुद्राला बरं वाटलं नाही. तो आत आला. तांदळाचा डबा तरंगू लागला, भिंतीला गुडघाभर ओल चढली. शेवंतीने जीभ चावली, पण आता काय उपयोग!

गुप्त्यांनी कॅमेरा खाली केला. माणूस वाईट नव्हता. "बाई, हे आता नुकसान झालं. नुकसानाचा निधी वेगळा. तो अजून सुरू व्हायचाय."

"कधी?"

"जागतिक परिषदांमध्ये बोलणी चालू आहेत."

"आणि बंधारा?"

"आत येऊन बसलेल्या समुद्राला बंधारा कशाला?" असं म्हणून त्यांनी पँट दुमडली आणि ते गाडीकडे गेले.

घरात दोघंच उरली. थोड्या वेळाने समुद्राने खाकरून विचारलं, "ओहोटी लागली, बाय. जाव काय मी?"

शेवंतीला हो म्हणायचं होतं. तो गेला असता तर दसऱ्यापर्यंत भिंती सुकल्या असत्या, घर वाचलं असतं. पण तो शिवेवर जाऊन उभा राहिला की धोका नाही, आणि घर सुकलं की नुकसानही नाही. मग तिच्यामागच्या सगळ्या घरांना कोण काय देणार होतं? तिला रडू आलं. ती पाण्यातच पाटावर बसली आणि पोटभर रडली. समुद्र भिंतीकडे तोंड करून थांबला.

मग तिने डोळे पुसले.

"जाव नकात," ती म्हणाली. "तो निधी सुरू होयसर हयच रवा."

बरं म्हणून समुद्र खाली बसला. शेवंतीने स्टोव्ह माळ्यावर नेला आणि दोघांपुरता भात लावला.