हरणी कॉलेजला गेली त्याची गोष्ट

कॉलेजचा मेसेज आला तेव्हा कृष्णात हरणी म्हशीची धार काढत होता. हात फेसाने भरलेले, म्हणून शेजारच्या बाळासोने मोबाईल उचलून मोठ्यांदा वाचला.

"स्वप्नाली कृष्णात पाटील हिच्या समुपदेशनासाठी पालकांनी बुधवारी अकरा वाजता उपस्थित राहावे."

"समुपदेशन म्हंजे काय रं?"

बाळासोने आवाज खाली आणला. "डोक्याचं काम असतंय. ज्याचं बिघडलंय त्याला बोलावतात."

"माझ्या पोरीचं? गेल्या महिन्यात कुस्तीत गडहिंग्लजच्या पोरीला उचलून टाकली तिनं. सगळं मैदान बघत हुतं!"

"टाकली की. पण आता डोक्याचं काय निघालं, तर पोलिसात घेतील व्हय?"

हे ऐकून कृष्णातला स्टँडवरचा बोर्ड आठवला. कोडोलीच्या एसटी स्टँडसमोर बाळासोने स्वतः लावलेला फ्लेक्स उभा होता. त्यावर गदा घेतलेली स्वप्नाली होती आणि खाली 'भावी फौजदार' असे तिच्या फोटोपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिले होते. कृष्णात दूध घालायला डेअरीला जाताना वाट वाकडी करून त्या बोर्डासमोरून जात असे. त्याच्या बायकोला, चिमणाबाईला, हा बोर्ड बघायला मिळाला नाही, एवढेच त्याला वाईट वाटे. ती जाऊन दोन वर्षे झाली होती.

दोघांनी गोठ्यातच विचार केला. हरणीच्या दुधावर वाढलेली पोरगी होस्टेलवर जाते, पिशवीतले दूध पिते आणि वर्षात डोके बिघडते. कारण उघड होते.

"कॅन भरून नेतो," कृष्णात म्हणाला.

"कोडोलीपासनं नेलास तर ते निवलेलं दूध. अंगाला काय लागणार? कोल्हापुरात लोक कट्ट्यावर म्हशीजवळ उभं राहून पेला लावतात तोंडाला. धारोष्ण पाजायचं असलं तर म्हैसच न्यायला पायजे."

"मग म्हैसच न्हेऊया. आणि तरी बी पोरगी बरी दिसली न्हाय, तर तुझ्याच गाडीतनं तिचं सामान भरून घरी आणायची. शिक्षण-बिक्षण ऱ्हाऊ दे."

बुधवारी बाळासोच्या पिकअपमधून हरणी कोल्हापूरला निघाली. शिंगांना तेल लावले होते. गळ्यात दिवाळी पाडव्याची कवड्यांची माळ होती. कॉलेजात जायचे म्हटल्यावर नीटनेटके गेलेले बरे.

गेटवर वॉचमन ज्ञानू उभा राहिला.

"पावणं, म्हैस आत न्हाय."

"पोरीला भेटायला आलोय. पालक हाय मी."

"तुम्ही पालक. ही कोण?"

"हिच्याच दुधावर वाढलीया पोरगी. माझ्यापेक्षा हिचाच हक्क जास्त हाय बघा."

ज्ञानूने नियम आठवून पाहिले. म्हशीबद्दल एकही नव्हता. शेवटी गाड्या लावायच्या शेडच्या खांबाला तिला बांधायची परवानगी मिळाली.

चूक इथेच झाली. पाडव्याला म्हशी पळवतात, त्यासाठी कृष्णातने हरणीला तयार केले होते. मोटरसायकलचा सायलेन्सर काढायचा, गाडी फडफडवायची आणि पुढे पळायचे. तो आवाज आला की गाडीमागे पळायचे, असा हरणीचा सराव होता. गेल्या पाडव्याला तिने बक्षीस मिळवले होते. आणि त्याच शेडमध्ये राजवर्धन नावाच्या विद्यार्थ्याने आपली गाडी चालू केली. तिला सायलेन्सर नव्हता.

हरणीने कान टवकारले. दावे तुटले.

राजवर्धनने आरशात पाहिले तर मागून कवड्यांची माळ घातलेली म्हैस येत होती. त्याने गाडी जोरात सोडली. तो जेवढा पळे, तेवढी हरणी खूश होऊन पळे. तो घाबरून मैदानात घुसला. तिथे फुटबॉलचा सराव चालला होता. गाडी गोलपोस्टच्या बाजूने निघून गेली. हरणी मात्र सरळ गोलात गेली.

"गोऽऽल!" पोरे ओरडली.

"ऑफसाइड हाय!" गोलकीपर झाडावरून म्हणाला.

जाळी शिंगांत अडकली. सगळे कॉलेज भोवती गोळा झाले, मोबाईल वर झाले, शिट्ट्या सुरू झाल्या. हरणी थरथरत उभी राहिली. कृष्णात धापा टाकत आला. जनावर शांत करायचा त्याला एकच उपाय माहीत होता. बादली घेऊन तो खाली बसला.

"काढा काका, आम्हाला बी पेला द्या!"

एक थेंब आला नाही.

"अरं मागं सरा की!" कृष्णात कडाडला. "एवढ्या डोळ्यांसमोर कुठलं जनावर पान्हा सोडंल? दूध हाय तिच्याजवळ, भरपूर हाय. भ्याली हाय ती! तिच्यावर वरडून काय उपयोग?"

गर्दी फाकवत स्वप्नाली आली. बापाकडे न बघता तिने आधी जाळी सोडवली. मग हरणीच्या मानेवर हात ठेवून नुसती उभी राहिली. बरोबर आलेल्या समुपदेशक त्रिशला मॅडमनी पोरांना मैदानाबाहेर घालवले. जरा वेळाने बादलीत धार वाजायला लागली.

"आबा," स्वप्नाली हळू म्हणाली, "मॅटवर माझं बी असंच होतंय."

कृष्णातचे हात थांबले.

"ताकद हाय, डाव येतात. पण नाव पुकारलं की हात गार पडतात, श्वास पुरत न्हाय. म्हणून मी आपणहून मॅडमकडं गेलते. कुणी धाडलं न्हाय मला."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही दूध पी म्हणला असतासा."

कृष्णातने बादलीकडे पाहिले. ती निम्मी भरली होती.

"आई गेली तवा हरणीनं दूध चोरलं, थेंब दिला न्हाय," स्वप्नाली म्हणाली. "तुम्हीच गल्लीभर सांगत हिंडलासा, जनावराला बी मन असतंय. मग पोरीला नसतंय व्हय?"

त्या दिवसांत ही पोरगीच रोज संध्याकाळी गोठ्यात हरणीजवळ बसून असे. हरणी पुन्हा दूध द्यायला लागली ती तिच्यामुळे.

"आणि तो बोर्ड," ती पुढे म्हणाली. "हरून आलं की एसटीतनं उतरल्या उतरल्या तोच समोर. फौजदार व्हायचं का, मला कुणी इचारलंच न्हाय."

"मग काय व्हायचंय?"

"कुस्ती खेळायचीच. पण संगं मॅडमसारखं शिकायचंय. मग गावात पोरींची तालीम काढायची. डाव बी शिकवायचं आणि भ्या वाटलं तर काय करायचं, ते बी."

"मार्क आहेत तिला," त्रिशला मॅडम म्हणाल्या. "कुठला कोर्स, कुठली परीक्षा, तिनं सगळं ठरवलंय. तुम्हाला सांगायचं कसं एवढंच राहिलं होतं. त्यासाठीच तुम्हाला बोलावलं."

कृष्णातने पेला भरला आणि मॅडमच्या पुढे धरला.

"वस्तादाला आधी द्यायचं असतंय," तो म्हणाला.

गोलपोस्टची फाटलेली जाळी त्याने स्वतः विणून दिली. पिकअप परत गेला तेव्हा त्यात सामान नव्हते, नुसती हरणी होती.

महिन्याभराने राज्य स्पर्धेची निवड चाचणी झाली. संध्याकाळी फोन आला.

"आबा, दोन कुस्त्या मारल्या. तिसरी हरले. निवड न्हाय झाली."

"हात गार पडलं?"

"पडलं. पण श्वास धरून लढले शेवटपर्यंत."

"जेवलीस?"

"पोटभर."

कृष्णात तडक चौकात गेला. "स्वप्नालीचं काय झालं?" बाळासोने विचारले.

"हरली!" कृष्णात अशा आवाजात म्हणाला, की कट्ट्यावरच्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. "हरली आणि पोटभर जेवली! हाय का कुणाची अशी पोरगी?"

फ्लेक्स त्याने कधीच उतरवला होता. गोठ्याचे छप्पर गळत होते, तिथे तो छापील बाजू खाली करून घातला. आता 'भावी फौजदार' फक्त हरणीला दिसते. तिला वाचता येत नाही, त्यामुळे दूध व्यवस्थित देते.