ओव्हाळबाईंची डबल बेल

ही हकिकत सांगायची मी नऊ वर्षं टाळली. कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग निवृत्तीचा सत्कार होता, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन. आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, त्यामुळे तेही कारण उरलेलं नाही.

विमल ओव्हाळ या बाईंनी एम.ए. उभ्याने केलं. अगदी शब्दशः. दोन वर्षं, रोज चार तास, त्या वर्गाच्या मागच्या दाराशी एक खांदा चौकटीला टेकवून उभ्या असत आणि उभ्यानेच वही लिहीत. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "अहो, बाक रिकामा आहे. बसा की."

"बसले की झोप लागते सर. सतरा वर्षं कंडक्टर होते. स्वारगेट डेपो."

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात युवा आणि समुदाय कार्य हा विषय शिकवत असे. पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. बाकांवर बाविशीची मुलं आणि दाराशी पन्नाशीच्या ओव्हाळबाई. नवरा गेल्यावर त्याच्या जागी त्या नोकरीला लागल्या. ऑफिसातलं टेबल देऊ केलं, तर म्हणाल्या, टेबल नको, गाडीवर द्या. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाल्या आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन आमच्याकडे आल्या. प्रवेशाच्या मुलाखतीत मी विचारलं, "या वयात हा अभ्यासक्रम कशासाठी?"

"सतरा वर्षं पोरांना गाडीतून उतरवलं. उतरून ती जातात कुठे, ते बघायचंय."

मुलाखतीला आम्ही तिघे बसलो होतो. तिघांनीही लगेच अर्जावर सही केली.

वर्ग त्यांनी महिनाभरात ताब्यात घेतला. कुणी दारात घुटमळलं की, "आत सरका, मधे जागा आहे." चर्चेत एकच जण बोलत सुटला की, "बाकीच्यांनाही उतरायचंय." आणि तरीही तो आटोपेना, तर पेनाने चौकटीवर टक टक. कंडक्टरने डबल बेल दिली की गाडी निघते, तसा वर्ग पुढच्या विषयाकडे निघे.

मलाही त्यांनी सोडलं नाही. ‘सक्षमीकरण’ या शब्दाची माझी स्वतःची एक व्याख्या होती. ती सांगायला मला पंचवीस मिनिटं लागत. त्या वर्षी एकोणिसाव्या मिनिटाला मागून टक टक झालं आणि मी चक्क थांबलो. "कळलं सर सगळ्यांना," बाई म्हणाल्या. "चला पुढे." पुढे काय शिकवायचं असतं, हे मला आठवेना. तिथवर आजवर कुणी पोचू दिलंच नव्हतं, म्हणजे मीच.

आमच्याकडे आठवड्यातले दोन दिवस मुलं एखाद्या वस्तीत जाऊन काम करत आणि सोमवारी त्याचा अहवाल मार्गदर्शकाला देत. बाईंचा मार्गदर्शक मी. त्यांना विश्रांतवाडीच्या पुढची एक वस्ती दिली होती. इतरांनी आपापल्या वस्त्यांत पथनाट्यं बसवली, शिबिरं घेतली. बाई कोपऱ्यावरच्या कट्ट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. वस्तीतली पोरंपोरी संध्याकाळी तिथे जमत. वर्षभर एवढंच काम.

पण अहवाल पाहून मी चक्रावलो. बाईंचं अक्षर गोल आणि नेटकं. समासात मात्र भलतीच अक्षरं, भलत्याच शाया. ओळी खोडलेल्या, वर दुसऱ्याच कुणी काही लिहिलेलं. एका अहवालात मी सहा हस्ताक्षरं मोजली आणि ठरवून टाकलं की बाई अहवाल दुसऱ्यांकडून लिहून घेतात. समासातला मजकूर मी वाचला नाही. अक्षरं पाहिली आणि निकाल दिला. त्याच वर्गात एका वकिलांच्या मुलीचे अहवाल तिची आई टाइप करून देत असे, हे मला ठाऊक होतं. तिथे मी कधी ब्र काढला नव्हता. हा फरक मी का केला, हे मी स्वतःला फार उशिरा विचारलं.

तोंडी परीक्षेत मी त्यांची अहवालांची वही टेबलावर ठेवली. "ही अक्षरं कोणाची?"

"सांगते सर. त्याचं असं आहे, दर शनिवारी मी कट्ट्यावर..."

मी पेन उचललं आणि टेबलावर दोनदा वाजवलं. टक टक.

बाहेरून आलेले परीक्षक हसले. विनोद जमल्याचं मला समाधान वाटलं. बाईंनी तोंड मिटलं. डबल बेल झाल्यावर वाद घालायचा नाही, ही त्यांची सतरा वर्षांची शिस्त. "बरं सर," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

वस्तीतल्या कामाला मी त्यांना काठावरचे गुण दिले. एका संस्थेने आपलं युवा केंद्र त्यांच्या हाती द्यायचं कबूल केलं होतं. अट पंचावन्न टक्क्यांची होती. माझ्या गुणांमुळे बाईंची गाडी चोपन्नावर थांबणार होती.

तीन आठवड्यांनी, निकाल लागायच्या आधी, मी काही कामाने त्या वस्तीत गेलो. कट्ट्यावर नववीतली एक मुलगी बसली होती, पूजा. तिने विचारलं, "सर, आमचा रिपोर्ट पास झाला का?"

"तुमचा?"

"म्हणजे ताईंचा. दर शनिवारी वाचून दाखवतात ना आम्हाला. आमच्याबद्दल लिहिलंय, तर चुकलेलं आम्हीच दुरुस्त करायचं. बाजूला लिहायचं. पेन पण ताईच देतात."

"झाला," मी म्हणालो आणि परत येऊन वही उघडली.

बाईंनी लिहिलं होतं, ‘मुलं दिवसभर काही करत नाहीत.’ समासात: ‘पाणी कोण भरतं? विचारा.’ दुसऱ्या पानावर, ‘पूजा आज रडली.’ समासात: ‘रडले नाही. डोळ्यात कचरा गेला.’ आणि त्याखाली, त्याच अक्षरात, पुढच्या शनिवारी लिहिलेलं: ‘रडले होते. ताईंनी खोडू नये.’

आम्ही सगळे विद्वान तीस वर्षं लोकांबद्दल लिहीत होतो. ते त्या लोकांना वाचून दाखवावं, हे एका कंडक्टरबाईंना सुचलं.

परीक्षा विभागाला एक पत्र पुरलं असतं. पण त्यात लिहावं लागलं असतं की मार्गदर्शकाने अहवाल न वाचता गुण दिले. ते पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खणात ठेवलं. बाईंना चोपन्न पडले.

पुढच्या वर्षीपासून मी वर्गात सांगू लागलो, अहवाल वस्तीत वाचून दाखवा, समास मोकळा सोडा. कल्पना कोणाची, ते सांगितलं नाही. इतर महाविद्यालयांतली मंडळी ती बघायला येऊ लागली. तिला ‘सरांची पद्धत’ असं नाव पडलं. मी नको म्हणालो, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने नाही.

नोकरी हुकली, तरी बाईंनी कट्टा सोडला नाही. वस्तीतच एक खोली घेतली. पोरांनी दारावर पाटी लावली: ‘विनंती थांबा’. या थांब्यावरून कुणी पोलीस भरतीला गेलं, कुणी नर्सिंगला, एकाने केशकर्तनालय काढलं आणि ते बरं चाललंय. ‘ओव्हाळबाई माझ्या विद्यार्थिनी,’ असं मी चारचौघांत सांगत असे. अभिमान खरा होता. तो बाळगायचा हक्क मात्र माझा नव्हता.

गेल्या महिन्यात पूजाचा फोन आला. ती आता आमच्याच अभ्यासक्रमाला आहे.

"सर, काल वर्गात तुमची पद्धत शिकवली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी काही बोलले नाही. ताई म्हणाल्या होत्या, बोलू नकोस, सरांना वाईट वाटेल."

मग तिने मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. बाईंचा मुलगा रोज त्यांच्याच गाडीने कॉलेजला जायचा. कॉलेजच्या थांब्यावर त्या स्वतः त्याला उतरवायच्या. वर्षभर. तो कॉलेजात एक दिवसही गेला नव्हता. त्यांना वाटायचं, शिकतोय. त्याला कधी विचारलं नाही. निकालाच्या दिवशी उतरला तो घरी आला नाही. सुरतला असतो, दिवाळीला फोन करतो.

"म्हणून आम्ही पाळी लावलीये," पूजा म्हणाली. "रोज संध्याकाळी सहाला आमच्यातलं कुणीतरी ताईंना फोन करतं. त्यांना वाटतं, आम्हालाच काम असतं."

फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो. पण ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी वाचून दाखवायचं, हा बाईंचाच नियम. गेल्या शनिवारी समास मोकळा सोडून, कागद घेऊन ‘विनंती थांब्या’वर गेलो. बाई दाराशी उभ्या. मी बसून वाचू लागलो.

"सतरा नाही, साडेसतरा," त्यांनी पेन मागून घेतलं आणि समासात लिहिलं. "आणि तुम्हाला बाविसाव्या मिनिटाला थांबवलं होतं. एवढी घाई मी करत नाही."

मुलाचा परिच्छेद आला. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी खोडायला पेन उचललं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवत, "पाळीचं माहितीये मला. मंगळवारवाला कायम विसरतो. मग मीच त्याला मिस्ड कॉल देते."

शेवटचा परिच्छेद उरला होता. मी पान उलटलं. "बाई, त्या दिवशी..."

बोटाने चौकटीवर टक टक.

"कळलं सर. चला, चहा गार होतोय."

मी कागदाची घडी घातली. वाचायचं राहिलं ते एवढंच होतं: बाई, त्या दिवशी तुमचं बोलणं मी पुरं ऐकून घ्यायला हवं होतं. ते चोपन्न टक्के तुमचे नव्हते, माझे होते. माझं चुकलं.