आतून कडी नसलेला महाल

चिनी सेनापतीने वैद्याच्या मुलीला पहिल्यांदा मिठीत घेतलं, तेव्हा नारायण मेस्त्री ओरडले, "थांबव! मागे घे! खिडकी बघूची आसा माका."

मी फोनवरचं चित्र मागे घेतलं. मेस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, नाक काचेला टेकवलं आणि त्या दोघांच्या मधून मागची लाकडी जाळी न्याहाळली. "येक खिळो नाय बघ. खाचेत खाच बसवल्यानी. हात धुवन पाणी पिवक व्हया ह्या सुताराचे!" तोवर मिठी सुटली, सेनापती घोड्यावर बसून निघून गेला आणि मी प्रेमप्रसंगाला मुकलो. साठ भागांची ती मालिका मी पूर्ण बघितली, पण त्यातली निम्मी प्रेमं मला खिडक्यांच्या आडूनच बघावी लागली.

आम्ही दोघं मस्कतजवळच्या रुसैलला लाकूडकामाच्या एका कारखान्यात. हॉटेलांची दारं, ऑफिसांची कपाटं असला आमचा माल. मी कराडचा, स्टोअर सांभाळतो. मेस्त्री कुडाळकडचे, दारांचे कारागीर, ओमानात येऊन एकवीस वर्षं झालेले. कंपनीच्या खोलीत आमच्या खाटा समोरासमोर. मी नवीन आलो तेव्हा पहिले दोन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडायचो. तिसऱ्या आठवड्यात मेस्त्री म्हणाले, "स्टोअरवाल्या, तुका टायप करूक येता मां? मगे ऊठ. काम आसा."

काम असं होतं. फोनवर एक चिनी ऐतिहासिक मालिका हिंदी आवाजात फुकट दिसायची आणि प्रत्येक भागाखाली प्रेक्षक आपापलं मत लिहायचे, तारे द्यायचे. मेस्त्रींना मत द्यायचं होतं. ते सांगणार, मी 'रुसैलवाले' या नावाने लिहिणार. ही मालिका त्यांना कुणी सुचवली, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचा घोळ टळला असता.

"लिव. पण शुद्ध करून लिव. लोक वाचतत."

मग मी त्यांच्या मालवणीचं पुस्तकी मराठी करायचो. 'भाग सात. नायिका रडली छान. मात्र जिन्याचा कठडा ढिला आहे, कोणीतरी पडेल. तीन तारे.' खाली जगभरातले लोक नायकाच्या डोळ्यांवर जीव ओवाळत होते आणि मध्येच हा कठडा. पण नवव्या भागात नायिकेची दुष्ट काकू खरंच त्याच जिन्यावरून गडगडली. दिग्दर्शकाच्या मनातलं आधीच ओळखलं म्हणून मेस्त्रींच्या मताला एकदम शंभरेक अंगठे मिळाले. मेस्त्रींनी दिग्दर्शकाला काडीचं श्रेय दिलं नाही. "लाकूड खोटा बोलना नाय," एवढंच म्हणाले.

पाच तारे त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत. "पाच खय? अजून कडी खय आसा?"

ही कडी म्हणजे त्यांचं खरं दुखणं. वैद्याच्या मुलीच्या दालनाला भलंमोठं नक्षीदार दार होतं, पण आतून कडी नव्हती. "येवढो मोठो म्हाल आणि भितरसून कडी नाय! बाईमाणूस येकटा ऱ्हवता थय!" प्रत्येक मताच्या शेवटी ही तक्रार असायचीच. मी कंटाळून एकदा ती गाळली, तर त्यांनी मला परत लिहायला लावलं.

त्यांच्या मतांना उत्तर देणारी एकच बाई होती. नाव लावायची 'सुरंगी', आणि मराठीत लिहायची. 'रुसैलवाल्यांना नुसती लाकडं दिसतात. तिने तीन भाग तोच हिरवा खडा घातला आहे, तो त्याने दिलेला. ते दिसलं नाही?' मेस्त्री हे मला दोनदा वाचायला लावायचे आणि मग तो भाग पुन्हा बघायचे, खड्यासाठी. मी त्यांना चिडवायचो, "काय मेस्त्री, सुरंगी कोण?" ते कानशिलावरची पेन्सिल काढून उगाच तासत बसायचे. "आसात कोणतरी. बरा लिवता."

घरच्या फोनला मात्र ते स्पीकर लावून दोन मिनिटं बोलायचे. "टाकी भरली?" "भरली." "गायीक बरा आसा?" "आसा." "ठेव मगे." एकदा मी विचारलं, हे काय बोलणं झालं? तेव्हा त्यांनी सांगितलं, सुरुवातीची कैक वर्षं फोन वाडीतल्या एकाच घरी होता. त्यांचा फोन आला की बायकोला हाक मारून बोलवायचे आणि पडवीभर माणसं ऐकायला बसायची. काय बोलणार? तीच सवय लागली. आता दोघांच्या हातात आपापला फोन आला, पण पडवीतली माणसं काही उठली नाहीत.

त्याच सुमारास अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, मेस्त्रींना दूर दक्षिणेला दुक्मला पाठवायचं ठरवलं. तिथल्या कामावर दोन वर्षांचा करार. कागद उशीखाली होता, महिनाअखेर सही द्यायची होती. सही नाही केली तर खलास, घरी. मेस्त्रींनी बायकोला फोन करून विचारलं, "तुका काय वाटता?" ती म्हणाली, "तुमका काय वाटात ता करा." पुन्हा टाकी, पुन्हा गाय.

मालिकेतही नेमकं तेच चाललेलं. सेनापतीला राजाने दुसऱ्यांदा सरहद्दीवर जायचा हुकूम दिला. सुरंगीने लिहिलं, 'बाईला कुणी विचारलं का?' मला ते वाचूनही काही कळलं नाही. डोकं दगडाचं.

त्या दिवशी मेस्त्री तापाने फणफणले होते. मत सांगायला उठले नाहीत. पण शंभर अंगठ्यांची चटक मलाही लागलेली. म्हटलं, चार महिने यांचं लिहितोय, एक आपलं टाकू. त्यांच्या नावावर, माझ्या शुद्ध मराठीत ठोकून दिलं: 'सेनापती परत येणार नाही. सरहद्दीची सवय लागलेल्या माणसाला घर सोसत नाही. तिने वाट बघणं सोडावं आणि सुखी व्हावं.' अंगठ्यांचा पाऊस पडला. मी खूश. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुरंगी गप्प झाली.

मेस्त्री ताप उतरल्यावर रोज विचारायचे, "सुरंगीचा काय इला?" मी सांगायचो, नाही. चार दिवस गेले. शुक्रवारी जेवण झाल्यावर त्यांनी घरी फोन लावला. मी समोरच्या खाटेवर होतो. तिकडून टाकी नाही, गाय नाही. बायको एवढंच म्हणाली, "दुक्माची सही करा. हय माझा चलता. मी कोणाची वाट बघनय नाय." आणि फोन ठेवला.

मेस्त्रींनी फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "स्टोअरवाल्या, माझा शेवटचा मत वाच बघू."

सुरंगी कोण ते मला त्या क्षणी कळलं. मी वाचलं. वाचताना माझाच आवाज मला नकोसा झाला.

"ह्या मी सांगूक नाय."

"मी लिहिलं, मेस्त्री. चुकलो."

मला वाटलं, आता फोन डोक्यात बसणार. त्यांनी चष्मा पुसला. "लाकूड येक सूत ज्यास्त कापलास तर परत जोडूक येणा नाय रे," म्हणाले. मग म्हणाले, "तुझा काय चुकला? चार म्हयने मीच तुझ्या तोंडान बोललंय. माझ्या बायलेशी." आणि हात पुढे केला. "दी हय. अक्षरा खय आसत ता दाखव."

त्यांनी एका बोटाने लिहायला घेतलं. आयुष्यभर छिन्नी धरलेलं ते बोट, एका वेळी तीन अक्षरं दाबायचं. दुपारच्या चहाची वेळ झाली तेव्हा सहा शब्द झाले. शुद्ध करू का, असं मी विचारलं नाही. मालवणीतच राहिलं: 'वरचा मत माझा न्हय. तो येतलो.'

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी मालिकेचा शेवटचा भाग आला. सेनापती म्हातारा होऊन परततो. वैद्याच्या मुलीच्या दाराशी उभा राहतो, हाक मारायला शब्द सुचत नाही, म्हणून नुसता हात टेकवतो. दार उघडतं. मेस्त्री या वेळी 'थांबव' म्हणाले नाहीत. खिडकीसुद्धा बघितली नाही.

खाली सुरंगीचं मत आधीच येऊन पडलेलं होतं, तेही पहिल्यांदाच मालवणीत. मी वाचून दाखवलं: 'कडी नाय कडी नाय म्हणान साठ भाग बोंबललात. आमच्या दाराक तरी खय आसा? तुमी येवन लावतलास म्हणान रवली.'

मेस्त्री लाजले. मग हळूच सांगितलं, घराचं पुढचं दार त्यांनीच एका सुट्टीत केलं होतं. सागवानी, खिळा न मारता. कडी तेवढी राहिली आणि सुट्टी संपली. पुढच्या प्रत्येक सुट्टीत काहीतरी आडवं आलं, अकरा वर्षं झाली. "वाडीतल्या कोणाकडसून लावून घी म्हटलंय, तर आयकाक नाय." मग एकदम उसळले, "चोर बीर शिरलो तर? काय बाई आसा!" आणि टॉवेलात तोंड घालून बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

दुक्मचा कागद त्यांनी कोराच परत दिला. जाताना सामानात खजूर, सासरी असलेल्या मुलीसाठी अत्तर आणि रुसैलच्याच दुकानातून स्वतः निवडून घेतलेली पितळी कडी होती. दुकानदाराला अठरा कड्या काढायला लावल्या.

मला मेस्त्रींचे आभार मानायचे होते, विमानतळाच्या बसपाशी ते जमलं नाही. माझ्या चुकीची शिक्षा त्यांनी भोगली आणि शहाणपण मला दिलं. मीही घरी 'जेवलीस का' पलीकडे बोलत नव्हतो. आता बायको कराडात आणि मी इथे, एकच भाग बघतो आणि भांडतो. तिला नायक शेळपट वाटतो. हे सगळं त्या माणसाचं देणं आहे.

महिन्याभराने त्या मालिकेच्या शेवटच्या भागाखाली एक नवीन मत आलं. एका बोटाने लिहिलेलं असावं.

'कडी लावली. भितरसून. पाच तारे.'