खोकला हटाव मेळावा

एका जंगलात, मुलांनो, खोकल्याची साथ आली. आधी माकड खोकलं. मग ते ज्यांच्या तोंडावर खोकलं, ते सगळे खोकले. साथ अशीच पसरते. मोठ्यांना हे पटकन कळत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

साळिंदर वैद्यांनी सोपे उपाय सांगितले. "मोकळ्या हवेत बसा. गर्दीत जाऊ नका, अंतर ठेवा. खोकताना तोंडावर पान धरा. अंगात कणकण असेल तर घरीच थांबा."

सिंहमहाराज खूश झाले. "वा! हे सगळ्यांना कळलं पाहिजे. मेळावा घ्या! वैद्यबुवांचा सत्कारही उरकून टाका."

मेळावा गुहेत ठरला. महाराजांना वारा बाधू नये म्हणून सचिव तरसरावांनी गुहेचं तोंड फांद्या रचून बंद करवलं. हजेरी सक्तीची होती.

सशीण घाबरली. तिचं पिल्लू छातीने नाजूक. गेल्या थंडीत कसंबसं वाचलेलं. ती तरसरावांना म्हणाली, "साहेब, आम्ही नाही आलो तर चालेल का? वैद्यबुवाच म्हणालेत, गर्दीत जाऊ नका."

"अहो बाई, तेच सांगायला तर गर्दी जमवतोय ना!" तरसराव खेकसले.

सशीण गेली नाही. पिल्लाला घेऊन माळावर बसून राहिली.

इकडे कार्यक्रम झकास झाला. माकडाने खोकत खोकत स्वागतगीत म्हटलं. सत्काराची शाल एकच होती. ती हत्तीपासून उंदरापर्यंत सगळ्यांना आळीपाळीने पांघरली. वैद्य ओरडले, "अहो, निदान त्या फांद्या तरी हटवा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ते भाषण आहे असंच सगळ्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी अख्खं जंगल खोकू लागलं. महाराजांना डरकाळी फुटेना. चौकशी बसली.

"महाराज," तरसराव म्हणाले, "सशिणीचं पिल्लू तेवढं ठणठणीत आहे. आणि ते मेळाव्याला आलंच नव्हतं."

"मग साथ त्यांनीच पसरवली!" महाराज खोकले. सगळे त्यांच्यामागून खोकले.

सशिणीला जंगलाबाहेर काढलं. ती मागे वळून बघत निघाली. पिल्लू मात्र तिच्यापुढे उड्या मारत चाललं होतं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

तात्पर्य: साथीच्या दिवसांत आपलं लेकरू जरूर जपावं, फक्त चारचौघांत अधूनमधून खोकायला त्याला शिकवून ठेवावं.