आडमुठा

"आडमुठा? हे काय खडकाचं नाव झालं?" साहेबांनी अहवाल टेबलावर आपटला.

"बाबांनी ठेवलंय," ती म्हणाली.

वाळवंटातल्या त्या डोंगररांगेत तिच्या वडिलांचा जन्म गेला होता. वरचे-खालचे मऊ थर वाऱ्याने कधीच नेले. मधला तांबूस वालुकाश्म तेवढा आठी घातल्यासारखा पुढे आलेला. हातोडीलाही दाद देईना, म्हणून आडमुठा. बाबा उन्हाळ्यात गेले आणि त्यांचा अर्धा राहिलेला अहवाल त्यांच्याच भूविज्ञान कार्यालयात काम करणाऱ्या लेकीकडे आला.

"बाई, थराला जवळच्या गावाचं नाव द्यायचं असा नियम आहे. लाडाचं नाही."

"तिथं गावच नाही."

"मग दुसरं काहीतरी शोधा."

"नाही शोधणार."

नकाशे काढणाऱ्या काकांच्या कानावर यातलं नेमकं अर्धं पडलं. थराला गावाचं नाव असतं, आणि थर तर आडमुठा. म्हणजे गाव नकाशात दाखवायचं आपल्याच हातून राहिलं! त्यांनी जीभ चावली, डोंगराच्या पायथ्याशी एक सुबक टिंब दिलं आणि शेजारी नाव लिहिलं. नकाशा छापून गेला.

तो पाहून रस्तेवाल्यांनी फाट्यावर पाटी ठोकली. पाटी दिसते म्हणून बस थांबू लागली. बस थांबते म्हणून चहाची टपरी आली, आणि टपरीच्या आडोशाला पंक्चरवाला.

साहेबांना कळलं तेव्हा ते ताडकन उठले आणि तिला म्हणाले, "नसलेलं गाव! चला, तुमच्यासमोरच ती पाटी उपटतो."

पाटी दिसली आणि जीपचा टायर बसला. पंक्चरवाल्याने जॅक लावला.

"कुठलं गाव रे हे?" साहेबांनी दरडावलं.

"आडमुठा."

"असलं गावच नाहीये!"

"बरं." त्याने जॅक काढून घेतला. "मग असलेल्या गावात काढा पंक्चर."

साहेबांनी चहूकडे पाहिलं. क्षितिजापर्यंत वाळू.

"अरे, आहे... गाव आहे," ते पडेल आवाजात म्हणाले. "लाव जॅक."

टपरीवाल्याने दोघांपुढे चहा ठेवला आणि डोंगराकडे बोट केलं. "ताई, तो तांबडा पट्टा दिसतो ना? आमच्या गावावरून त्यालाही आडमुठाच म्हणतात."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती आता भांडणार, याची त्यांना खात्री होती.

तिने पट्ट्याकडे एकदा नीट पाहिलं. "हो का?" ती म्हणाली. "साहेब, ऐकलंत ना? नियमात बसतंय."