उलटलेल्या कोटाची बखर

सुईचे नेढे सदा उघडे राहो, दोरा अखंड चालो, ऐन टाक्यात बॉबिन रिती न होवो. विज्ञापना ऐसीजे की, चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणास, खिडकीखाली पायाच्या शिलाई मशीनचे ठाणे होते, ते राखण्यासाठी सात दिवस जे युद्ध जाहले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे अगदी थोडके घालोन, लिहिली असे.

सदर ठाण्याच्या धनी कात्रीधुरंधर, टाकेबहाद्दर उसवणमावशी. त्यांस हे नाव पडावयाचे कारण की, कोणाचाही जुना कपडा दृष्टीस पडला म्हणजे तो दोरीवर आहे की माणसाचे अंगावर आहे हे न पाहता त्या शिवण चाचपू लागत. घरातील दोन्ही खोल्या अंधाऱ्या, दिव्याखाली त्यांस सुईचे नेढे दिसत नसे, आणि साऱ्या इमारतीत धड उजेड काय तो त्या एका खिडकीशी. मशीन तेथून हलले म्हणजे शिवण संपले, हे मावशी पक्के जाणोन होत्या.

प्रतिपक्षी सोसायटीचे सेक्रेटरी, ताग्यांचे तारणहार चिमटीकाका. यांनी तीस वर्षे कापडाच्या दुकानात गल्ल्याअलीकडे उभे राहोन चाकरी केली होती आणि कोणतेही कापड अंगठा व तर्जनी यांचे चिमटीत धरोन त्याचे वय सांगतो, ऐसा त्यांचा दावा होता, आणि तो दावा ऐकोन ऐकोन इमारतीचे कान किटले होते.

सोमवारी सकाळी काका जिना उतरत असता मावशींनी कठड्यावर वाळत टाकलेल्या जुन्या पँटीची एक तंगडी त्यांचे पायात आली आणि काका दोन पायऱ्या जलद उतरले. मग खवळोन त्यांनी फर्मान सोडले.

‘‘मावशी, जुना कपडा फरशी पुसायच्या लायकीचा. नवं ते नवंच. हा मशीनचा पसारा रविवारच्या सभेआधी घरात गेला पाहिजे.’’

‘‘मी जुन्यातून शिवलेलं तुम्हाला ओळखू आलं तर नेते घरात. आणि नाहीच ओळखू आलं तर?’’

‘‘मला? मला ओळखू नाही आलं तर चारही मजल्यांचा जिना पुसून काढीन.’’

‘‘गुडघ्यावर बसून?’’

‘‘बसून. अन् जुन्याच कपड्याने.’’

तेसमयी तळमजल्यावरील नर्सबाई रात्रपाळी संपवोन येत होत्या, त्यांस पंच नेमिले. त्यांनी औषधाच्या पाकिटावर तहनामा लिहिला तो येणेप्रमाणे की, रविवारी सभेस इमारतीतील कोणी एक माणूस मावशींनी जुन्यातून घडविलेला कपडा लेवोन येईल, काकांनी सर्वांस चिमटा घ्यावा, म्हणजे कपड्यास घ्यावा, आणि एकदाच बोट दाखवावे. नर्सबाई म्हणाल्या, ‘‘चिमटा कापडालाच, काका. कातडीला लागला तर मी डाव रद्द करीन.’’

दुसरे रोजी खासा स्वारी रिकामी पिशवी काखोटीस मारोन जुन्या कपड्यांच्या दुकानावर चालोन गेली. तेथे कपड्यांचे ढीग कमरेइतके. मावशींनी बाह्या सारोन मुलूखगिरी आरंभिली आणि तीन पडदे, दोन रेनकोट, आणि पाठीवर कोण्या खेळाडूचा आकडा असलेला सदरा मागे सारोन त्या तळास पोहोचल्या, तो राखी रंगाचा मर्दानी कोट हाती लागला. खांदे विटलेले, कोपरे घासोन आरशागत चकाकत, कॉलरीची अवस्था सांगू नये. दुकानदारीण म्हणाली, ‘‘तो नका घेऊ हो, पडून पडून कंटाळलाय.’’ परंतु मावशींनी दोन बोटे शिवण तेथेच उसवोन आत डोकावले, तो कापडाची आतली बाजू कोरी करकरीत, ऊन म्हणोन कधी पाहिले नाही ऐसी. मग त्यांनी मनाशी मसलत केली की सबंध कोट उसवावा, प्रत्येक तुकडा उलटा करावा, आणि आतले बाहेर आणोन फिरोन शिवावे. कोट आणि एक हिरवा पडदा घेवोन स्वारी परतली.

बुधवारी उसवणी चालली असता आतल्या खिशाच्या अस्तराखाली शिंप्याची कापडी चिठ्ठी निघाली. तीवर न पुसणाऱ्या शाईने चिमटीकाकांचे सबंध नाव, आणि खाली दोन शब्द: ‘लग्नाचा. घाई.’ मावशींस हसू आले, परंतु तोंडात टाचण्या धरल्या होत्या. मग त्यांनी सातही टाचण्या एकेक काढोन उशीत खोचल्या आणि त्याउपरी पोटभर हसल्या.

गुरुवारी आणि शुक्रवारी मशीनचा पायटा ऐसा चालिला की खालच्या मजल्यास वाटले पाण्याचा पंप बिघडला. शनिवारी सकाळी कोट उभा राहिला. तो अंगी घालोन सभेस जाण्याची कामगिरी मावशींच्या यजमानांस दिली होती. ते बिचारे कोट चढवोन उभे राहिले, तो बटणे लागेनात, आणि छातीवरील खिसा उजवे बाजूस गेलेला. यजमान बहुत वेळ चाचपडले.

‘‘अगं, मी डावखुरा झालो का काय?’’

तेव्हा मावशींचे ध्यानी आले. कापड उलटले म्हणजे डावे ते उजवे जाहले, उजवे ते डावे जाहले, हे इतकी वर्षे शिवूनही विसरल्या होत्या. ऐसा कोट लेवोन पुरुष सभेस गेला तर चिमटी कशास, नुसत्या नजरेनेच पकडला जाणार. दिवस एक उरला. मावशी मशीनच्या स्टुलावर बसल्या आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे ऐशा पाहू लागल्या की जणू तो उद्या परगावी जाणार.

इतक्यात चिमटीकाकांचे कुटुंब, म्हणजे काकू, भाजीची पिशवी घेवोन जिना चढत आल्या. कोट पाहिला, पिशवी खाली ठेविली, आणि गंमत म्हणोन अंगात चढविला. चढविला तो बोटे आपसूक बटणांवर गेली आणि काजे बरोबर हातास आली, कारण बायकांच्या कपड्यास काजे उजवे बाजूस असतात आणि उलटलेल्या कोटाचीही तेथेच गेली होती. मावशी स्टुलावरून ताडकन उठल्या.

‘‘काकू, काढू नका. तशाच उभ्या राहा.’’

मग मावशींनी दार लावोन घेतले आणि शिंप्याची चिठ्ठी काकूंपुढे धरिली. काकू वाचोन खाली बसल्या.

‘‘अहो, हा मीच दिला दुकानात. बावीस वर्षं पेटी अडवून बसला होता. ह्यांना वाटतं अजून तळाशी आहे.’’

‘‘सांगायचं नाही?’’

‘‘सांगायचं ना. पण उद्या. चार माणसांत ते ओरडत नाहीत.’’

येणेप्रमाणे शत्रूच्या खास महालातील असामी आपले गोटात आली. त्या दिवशी कोट कमरेत घेतला, बाह्या आखूड केल्या, आणि हिरव्या पडद्याची ऐसी रुंद कॉलर लाविली की उजवीकडचा खिसा तिचे आड गडप जाहला.

रविवारी दहा वाजता पार्किंगच्या भिंतीशी सत्तावीस माणसे ओळीने उभी राहिली. चिमटीकाका हात धुवोन, पुसोन, बोटांवर फुंकर मारोन निघाले. चिमटी भरावी आणि निकाल द्यावा: हे धुऊन आटलं, हे दोन वर्षांचं पण मूळचंच, हे इस्त्रीने मेलं. मावशींचे यजमान गुदगुल्या होवोन मागे सरले, त्यांस संशयित म्हणोन दोनदा तपासिले. मग काका आपल्या कुटुंबासमोर आले आणि राखी बाही चिमटीत धरिली. थांबले. फिरोन धरिली. मुखावर तीस वर्षांची दुकानदारी परत आली.

‘‘बघा सगळ्यांनी. याला म्हणतात कोरं कापड. ताग्यावरून उतरून महिना झाला नसेल. कुठून आणलंस गं?’’

‘‘आहे एक ओळखीचा माणूस.’’

‘‘चांगला माणूस आहे,’’ काका म्हणाले आणि पुढे सरकोन त्यांनी दुसऱ्या मजल्यावरील बँकवाल्यांच्या सदऱ्यावर बोट ठेविले. ‘‘हा. मावशी, हा तुमचा.’’

बँकवाल्यांनी कॉलर मागे वळविली. तेथे दुकानातील टाचणी अजोन तशीच होती आणि सकाळपासोन त्यांस टोचत होती.

नर्सबाईंनी काकांची शिकस्त जाहीर केली. मग मावशी पुढे जाहल्या आणि काकूंच्या कोटाचे अस्तर उलटोन चिठ्ठी दाखविली. काकांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचले. ‘लग्नाचा. घाई.’

‘‘हा पेटीत होता,’’ काका म्हणाले.

‘‘होता.’’

‘‘मला परत बसेल म्हणून ठेवला होता गं.’’

काकू कोटाचे शेवटचे बटण लावोन म्हणाल्या, ‘‘आता मला बसतोय.’’

काकांनी तिसऱ्यांदा चिमटी भरिली आणि बहुत वेळ सोडिली नाही. मग सभेकडे वळोन विचारले, ‘‘पण हे कापड त्या वेळी निवडलं कोणी होतं?’’

‘‘तुम्हीच.’’

‘‘मग झालं तर.’’ ऐसे बोलोन काकांनी लढाई हरोन अब्रू तेवढी सहीसलामत बाहेर काढिली, आणि आपण होवोन बादली मागितली.

मग फाटक्या चादरीचा तुकडा घेवोन चौथ्या मजल्यापासोन काका गुडघ्यांवर बसोन पुसत उतरू लागले, आणि सारी इमारत कठड्यास लागोन पाहू लागली, आणि ज्याचे त्याचे पायापाशी येवोन काका ‘‘पाय उचला’’ म्हणत, आणि लोक एकेक पाय उचलोन दाद देत. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर येवोन त्यांनी सेक्रेटरी या नात्याने मशीन जागचे न हलविण्याचा हुकूम तोंडी दिला आणि पायट्याखालील फरशी पुसण्यास वाकले, तो पँट गुडघ्यावर फर्रकन फाटली. कोणी हसले नाही, कारण हसू दाबण्यातच सर्व गुंतले होते. काका गुडघ्यावर हात ठेवोन हळूच म्हणाले,

‘‘मावशी, याचं काही होईल का?’’

मावशींनी खिडकीच्या उजेडात पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओविला आणि हुकूम दिला. ‘‘होईल ना. आधी खालचे मजले घ्या.’’

येणेप्रमाणे उसवणमावशींची फत्ते जाहली, खिडकीखालील ठाणे कायम जाहले, आणि दुपारी बारावर दहा मिनिटांनी तळमजल्याची शेवटची पायरी नर्सबाईंनी बोट फिरवोन मंजूर केली. हे लिहितेसमयी जिना ओला असे, वाचणाराने जपोन उतरावे.